रिकाम्या जागांची नावे

कोणतीही जागा स्वतःहून रिकामी नसते. तिथे काहीतरी असायला हवे होते असे कोणीतरी आधी ठरवलेले असते आणि ते दिसले नाही की तिला रिकामी म्हटले जाते. म्हणून रिकाम्या जागेसाठी वापरला जाणारा शब्द त्या जागेबद्दल जितके सांगतो, त्याहून अधिक तिच्याकडे पाहणाऱ्याबद्दल सांगतो. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यातले एखादे वावर घेतले, तर पिकात पडलेल्या जागेला शेतकरी एक नाव देतो, न पिकणाऱ्या कोपऱ्याला तलाठी दुसरे नाव देतो, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या मातीला मृदाशास्त्रज्ञ तिसरे नाव देतो, आणि शेजारच्या गवताळ पट्ट्याला सगळे गाव इंग्रजी वर्णमालेतील एका अक्षराने ओळखते. इंग्रजीत पोकळ्या आणि फटी दाखवणारे शब्द विपुल आहेत आणि त्यांतले बरेचसे कचेरी, शाळा, रेल्वे, शेती खाते आणि न्यायालय यांच्या वाटेने वऱ्हाडात येऊन रुजले आहेत. ते येण्यापूर्वी इथे जे शब्द होते, त्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यावरच त्यांचे अर्थ नीट उलगडतात.

सुरुवात सर्वांत साध्या शब्दाने करावी लागते. इंग्रजीतील ‘एम्प्टी’ हा शब्द आज डबा, खोली किंवा खिसा यांना लावला जातो, पण जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ निवांत, हाताला काम नसलेला असा होता. माणसाच्या फुरसतीचे वर्णन करणारा शब्द पुढे भांड्याच्या पोकळीवर जाऊन बसला. लॅटिनमधील ‘वाकारे’ या क्रियापदाचा प्रवासही असाच असून त्याच एका मुळातून पदाची ‘व्हेकन्सी’, शाळेचे ‘व्हेकेशन’ आणि भौतिकशास्त्रातील ‘व्हॅक्यूम’ असे तीन शब्द निघाले. मराठीला हे नाते समजावून सांगावे लागत नाही, कारण संस्कृत ‘रिक्त’पासून आलेला ‘रिकामा’ हा शब्द आजही दोन्ही अर्थांनी नांदतो: रिकामा डबा आणि रिकामा माणूस. रिकामटेकडा, रिकामी उठाठेव हे प्रयोग पाहिले तर मराठीला रिकामपणाविषयी फारसा आदर नाही हेही लक्षात येते. वऱ्हाडात याच कामासाठी ‘खाली’ हा अरबीतून उर्दू-हिंदीमार्गे आलेला शब्दही सर्रास चालतो, त्यामुळे ‘डबा खाली आहे’ हे अमरावतीत उच्चारलेले वाक्य पुण्याच्या माणसाला डब्याचा ठावठिकाणा सांगते आणि वऱ्हाडी माणसाला त्याची स्थिती.

‘रिकामा’ आणि ‘मोकळा’ यांतला भेद मात्र इंग्रजीला एका शब्दात पकडता येत नाही. एकाच भूखंडाला विकणारा ‘रिकामा’ म्हणतो आणि त्यावर खेळणारी मुले ‘मोकळा’ म्हणतात. पहिल्या शब्दात उणीव आहे, दुसऱ्यात सुटका आहे. केस मोकळे असतात, मन मोकळे करता येते, ढोरे मोकळी सोडता येतात, आणि यांतल्या एकाही ठिकाणी ‘रिकामे’ हा शब्द बसत नाही. नगररचनेच्या नकाशातून ‘ओपन स्पेस’ ही संज्ञा विदर्भातल्या प्रत्येक लेआउटमध्ये पोहोचली आणि कायद्याने राखलेली, बांधकामास बंदी असलेली जागा असा तिचा नेमका अर्थ लोकांच्या तोंडी बसला. तिला ‘मोकळी जागा’ म्हणणे व्याकरणदृष्ट्या बरोबर असले तरी त्यातून तो कायदेशीर राखीवपणा निघून जातो, आणि मग त्या जागेवर मंदिर, वाचनालय किंवा कोणाची तरी चारचाकी उभी राहायला फार वेळ लागत नाही.

शेतीत हा भेद अधिक काटेकोर होतो. पेरणीनंतर बी उगवले नाही, वाणीने किंवा पाखरांनी रोप खाल्ले, की ओळीत जी जागा पडते तिला कृषिशास्त्राच्या पुस्तकात इंग्रजीत ‘गॅप’ म्हणतात आणि तिथे पुन्हा बी टोकण्याला ‘गॅप फिलिंग’ म्हणतात. मराठवाड्यापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत या कामाचे नाव ‘नांग्या भरणे’ आहे, तर वऱ्हाडात कपाशीच्या वावरात ‘खांडण्या’ भरल्या जातात. याउलट दोन ओळींमध्ये आणि दोन झाडांमध्ये मुद्दाम सोडलेल्या जागेला त्याच पुस्तकात ‘स्पेसिंग’ म्हणतात आणि मराठीत ‘अंतर’. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी उघडी मातीच दिसते. पण गॅप हे योजनेला पडलेले भगदाड असते, तर स्पेसिंग हीच योजना असते. सोयाबीनच्या पट्टापेर पद्धतीत ठरावीक ओळींनंतर एक तास मुद्दाम न पेरता सोडले जाते, म्हणजे फवारणीला आत शिरता येते, तिथे सरी काढून जास्तीचे पाणी बाहेर काढता येते आणि कडेच्या ओळींना ऊन-वारा मिळतो. पेरणारा तिथे बियाणे वाचवतो आणि उत्पन्नात तूट येईल असे मानत नाही. जुन्या तिफणीच्या तीन नळ्यांमधले अंतरही असेच सुताराच्या हाताने ठरलेले होते, आणि डवऱ्याची पास त्याच अंतरात मावेल एवढी असे; त्या रिकाम्या पट्टीची रुंदी चुकली तर पुढची सगळी डवरणी चुकते.

अशीच एक पोकळी आभाळाच्या बाजूने येते. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो तेव्हा हवामानशास्त्र त्या स्थितीला ‘ब्रेक मॉन्सून’ म्हणते, कृषी विभागाच्या सल्ल्यात तिला ‘पावसाचा खंड’ म्हणतात आणि शेतकरी ‘पावसाने ताण दिला’ म्हणतो. यांतला ‘खंड’ हा मराठीतला विलक्षण शब्द आहे, कारण त्याचा मूळ अर्थ तुकडा असल्याने तो सलगता मोडल्याचेही दाखवतो आणि मोडून उरलेला भागही दाखवतो: पावसात पडतो तो खंड, आशिया हा खंड, ग्रंथाचा दुसरा खंड, आणि जमीन कसायला घेऊन मालकाला द्यायचा तोही खंड. नांदगाव खंडेश्वर या नावातील खंडेश्वराशी या शब्दाची सांगड घालण्याचा मोह आवरलेला बरा. देवांच्या नावांच्या व्युत्पत्ती सोयीने लावल्या की त्या कुठेही लागतात.

वऱ्हाडची काळी माती ही भेगांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्यामागचे कारण खुद्द मातीच्या आत दडलेल्या फटींमध्ये आहे. या मातीतील चिकण भागात स्मेक्टाइट गटातील खनिजांचे प्रमाण मोठे असते. त्यांची रचना एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते, आणि पावसाळ्यात पाण्याचे रेणू या पापुद्र्यांच्या मधल्या फटींत शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात, म्हणून माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते आणि जमीन हातभर खोल उकलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी मिटतात तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या भेगा उघडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची माती फुगून वर दाबली जाते, आणि वर्षानुवर्षे जमीन अशी स्वतःलाच उलथत राहते. म्हणूनच मृदाशास्त्राने उलथणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तिला ‘व्हर्टिसॉल’ हे नाव दिले. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हीच माती वैरीण ठरते, कारण पाया हलला की भिंतीला तडा जातो.

भेग आणि तडा यांची इथे अदलाबदल करता येत नाही. सुकल्याने, आतला ओलावा गेल्याने जी पडते ती भेग, म्हणून जमीन, टाच आणि ओठ यांना भेगा पडतात. ताण किंवा आघात सहन न झाल्याने जातो तो तडा, म्हणून काच, भिंत आणि मैत्री यांना तडा जातो. फट ही मुळात दोन वेगळ्या वस्तूंमध्ये असते, दार आणि चौकट यांच्यामध्ये असते तशी, आणि तिथे काहीही मोडलेले नसते. खाच मुद्दाम पाडलेली असते, खोबण दुसरे काही बसवण्यासाठी घडवलेली असते, तर दोन घरांच्या भिंतींमधली सांद कोणी घडवलेलीही नसते आणि कोणी मोडलेलीही नसते, ती नुसती उरलेली असते. इंग्रजीतही ‘क्रॅक’, ‘फिशर’, ‘चिंक’, ‘स्लॉट’ अशी वाटणी आहे. त्यांतला ‘क्रॅक’ हा शब्द मुळात आवाजाचा आहे, म्हणजे वस्तू तडकताना जे ऐकू आले त्यावरून जे दिसले त्याला नाव पडले, आणि मराठीतील तडा-तडकणे या कुळानेही हेच केलेले दिसते. ‘गॅप’ हा शब्द मात्र तोंडाशी जोडलेला आहे. तो प्राचीन नॉर्स भाषेतून आला असून त्याचे नाते ‘आ वासणे’ या क्रियेशी आहे. लॅटिन ‘हायेटस’ आणि ग्रीक ‘केऑस’ हे शब्दही जांभई किंवा उघड्या जबड्याच्याच कल्पनेतून निघाले. युरोपच्या भाषांना पोकळी ही बहुधा गिळायला टपलेली वाटली असावी.

महसुलाच्या दप्तरात पोकळीचे मोजमाप आकारणीने होते. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली ‘पोटखराब’ या नावाची नोंद असते आणि तिचा अर्थ, भूमापन क्रमांकाच्या पोटातील जो भाग मोजणीच्या वेळी शेतीला अयोग्य ठरला तो. तिचे दोन वर्ग आहेत: ‘अ’ वर्गात खडक, घळ यांसारख्या जागा येतात, आणि ‘ब’ वर्गात रस्ता, पायवाट, पाण्याचा प्रवाह किंवा स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी सुटलेल्या जागा येतात. यांतील खरी गंमत ‘अ’ वर्गात आहे, कारण शेतकऱ्याच्या शेतातील घरे आणि खळीही त्याच वर्गात बसवलेली आहेत. जिथे वर्षभराच्या धान्याची रास पडते ती जागा दप्तराच्या लेखी ‘खराब’, कारण तिच्यावर पीक उभे राहत नाही आणि म्हणून सारा बसत नाही. २०१८ मध्ये नियम बदलून, ‘अ’ वर्गातील जमीन प्रत्यक्ष लागवडीखाली आणली गेली असेल तर ती लागवडीयोग्य क्षेत्रात घेऊन तिच्यावर आकारणी करण्याची वाट मोकळी करण्यात आली, तेव्हा कित्येक वावरांचे पोट कागदावर सुधारले.

गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला महाराष्ट्राच्या इतर भागांत ‘गायरान’ म्हणतात. वऱ्हाडात तिचे रूढ नाव ‘ई-क्लास’ आहे. इंग्रजी अमदानीतील जमिनींच्या वर्गवारीतले हे अक्षर, ती वर्गवारी करणारे गेल्यावरही, गुराख्याच्या तोंडी ‘इक्लास’ असे एकजीव होऊन राहिले आहे. ‘गायरान’ या शब्दात गाय आहे आणि रान आहे, म्हणजे जागा कोणाची आणि कशासाठी हे नावातच सांगितलेले आहे, तर ‘ई-क्लास’मध्ये फक्त यादीतला क्रमांक आहे. त्याच काळात इंग्रजी कागदपत्रांत अशा जमिनींसाठी ‘वेस्ट लँड’ ही संज्ञाही वापरली जाई. खुद्द इंग्लंडमध्ये जमीनदारीतील ‘वेस्ट’ म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक चराई आणि सरपणासाठी वापरायची जमीन होती. भारतात येताना तो सामाईकपणा मागे पडला आणि ‘सारा न देणारी, म्हणून वाया जाणारी’ हा अर्थ तेवढा पुढे आला. आज या जमिनींवर घरे, शेती आणि प्रकल्प सगळ्यांचाच डोळा असतो. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात दिलेला निकाल तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गायरान आणि ई-क्लासच्या प्रत्येक वादात पुढे येतो. ज्या जागेला रिकामी म्हटले जाते तिच्यावर कोणाची तरी ढोरे चरत असतात, आणि ज्याची ढोरे चरतात त्याने तिला कधी रिकामी म्हटलेले नसते.

नांदगावचे खंडेश्वराचे दगडी मंदिर हेमाडपंती धाटणीचे आहे, आणि यादव राजा कृष्ण याच्या काळातील शके ११७७ चा म्हणजे इसवी सन १२५५ च्या सुमाराचा नांदगावचा शिलालेख अभ्यासकांना परिचित आहे. हेमाडपंती बांधणीत घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात, म्हणजे इथे सांधा भरून काढायचा नसतो, तर तो उरूच नये इतका दगड घडवायचा असतो. अशा मंदिरांच्या रचनेत गाभारा आणि सभामंडप यांच्या मधल्या चिंचोळ्या दालनाला ‘अंतराळ’ म्हणतात. भक्त मंडपातून निघालेला असतो पण गाभाऱ्यात पोहोचलेला नसतो, त्या मधल्या पावलांची ही जागा. विसाव्या शतकात हाच शब्द पृथ्वीच्या वातावरणापलीकडच्या अथांग पसाऱ्यासाठी रूढ झाला आणि ‘अंतराळवीर’, ‘अंतराळयान’ हे शब्द त्यापासून घडले. इंग्रजी ‘स्पेस’चेही असेच झाले आहे, छापखान्यात दोन शब्दांमध्ये सोडायची कोरी जागाही स्पेस आणि तारे जिथे आहेत तीही स्पेस. फरक एवढाच की स्पेसमध्ये मोजमापाची कल्पना आधी येते, आणि अंतराळात ‘दोहोंच्या मध्ये’ असण्याची.

तटबंदीतील पोकळ्या या वऱ्हाडच्या इतिहासाचाच भाग आहेत. पेंढाऱ्यांपासून सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये अमरावतीच्या परकोटाचे काम सुरू झाले. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या गेल्या. इथे खिडकी म्हणजे उजेडासाठीची चौकट नसून माणसाला पायी ये-जा करता येईल असे लहान दार. खुनारी खिडकी या नावामागे तिथे झालेल्या रक्तपाताची आठवण सांगितली जाते. तिकीट खिडकी आणि सरकारची ‘एक खिडकी’ योजना यांत तोच शब्द वेगळ्या वाटेने आला आहे, कारण इथे खिडकीतून माणूस जात नाही, त्याचे पैसे आणि कागद जातात. इंग्रजी ‘विंडो’ हा मूळचा नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’, आणि संस्कृतातील ‘गवाक्ष’ हा गाईचा डोळा. भिंतीतील भोकाला डोळा म्हणावे असे दोन इतक्या दूरच्या लोकांना वाटले.

शत्रूने पाडलेल्या वाटेचे नाव वेगळे असते. आताच्या अकोला जिल्ह्यात अडगाव इथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईनंतर आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी चिखलदऱ्याजवळचा, नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगड वेढला. तोफांनी बाहेरच्या तटाला पाडलेल्या भगदाडाला इंग्रजी युद्धशास्त्रात ‘ब्रीच’ म्हणत, आणि ढासळलेल्या दगडांवरून सैनिकाला चढून आत जाता येईल इतके ते झाले की त्याला ‘प्रॅक्टिकेबल’ असा शेरा मिळे. तो मिळाल्याखेरीज हल्ल्याचा हुकूम देणे शहाणपणाचे मानले जात नसे. १५ डिसेंबरला बाहेरच्या खिंडारातून फौज आत गेली, पण आतल्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार पडलेलेच नव्हते. कॅप्टन कॅम्बेल याच्या तुकडीने शिड्या लावून ती भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. इंग्रजीत तटाचे, कराराचे, शांततेचे आणि आता संगणकातील माहितीचेही ‘ब्रीच’च होते. मराठीने ही कामे वाटून घेतली आहेत: कराराचा आणि शांततेचा भंग होतो, आणि खिंडार तटाखेरीज फक्त राजकीय पक्षांना पडते, तेही निवडणुकीच्या आगेमागे. किल्ल्याच्या भिंतीत आतून बंदुका डागण्यासाठी जी अरुंद तिरकी भोके ठेवत त्यांना ‘जंग्या’ म्हणतात. इंग्रजीत तेच ‘लूपहोल’. पुढे तो शब्द कायद्याच्या चौकटीतून निसटण्याच्या वाटेला लागला आणि मराठीने त्यासाठी ‘पळवाट’ हा सरळ, काहीसा छद्मी शब्द योजला. आतल्या माणसाने लढण्यासाठी ठेवलेले भोक त्याच्या पळून जाण्याचा रस्ता कसे झाले, याचा खुलासा करविषयक वकीलच करू शकतील.

काळातील रिकाम्या जागांनाही नावे लागतात. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, पऱ्हाट्या उभ्या असतानाच वावर ढोरांसाठी खुले झाले, की वऱ्हाडात ‘उलंगवाडी झाली’ म्हणतात. हा शब्द जागेचा आहे की वेळेचा हे ठरवणे कठीण आहे, आणि एखाद्या गोष्टीचा पुरता निकाल लागला हे सांगण्यासाठीही तो वापरला जातो. याच्या नेमके उलट टोक शिक्षणातील ‘गॅप’चे. बारावीनंतर एक वर्ष प्रवेश न घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षी आपण दुसरीकडे कुठेही शिकत नव्हतो असे शपथपत्र द्यावे लागते, म्हणजे काही न केल्याचाही पुरावा लागतो. वावराला उलंगवाडी चालते, विद्यार्थ्याला चालत नाही.

वऱ्हाडाच्या सार्वजनिक जीवनात ज्या पोकळीवर सर्वाधिक बोलले गेले, तिचे नाव ‘अनुशेष’ आहे. हा ‘बॅकलॉग’चा शासकीय मराठी पर्याय. बॅकलॉग हा मुळात शेकोटीच्या मागच्या बाजूला ठेवलेला, सावकाश जळणारा जाड ओंडका. त्यावरून साठा, आणि साठ्यावरून तुंबलेले काम असा तो सरकला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्याचा ‘बॅक’ करून टाकला आहे. राज्य शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याला तिथवर आणण्याचा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष, अशी तिची रीत होती. एकूण रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाली आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता.

या आकड्यात तुटीइतकाच मापाचाही हात आहे. राज्याची सरासरी धरली म्हणून एवढी रक्कम आली. सर्वांत पुढारलेला जिल्हा धरला असता तर ती कितीतरी मोठी झाली असती, आणि सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याला, त्यातील काही गावे कितीही मागे असली तरी, अनुशेष नाही असेच या पद्धतीत ठरते. मोजणीचा घटक जिल्हा होता. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल देताना तालुका हा घटक पुढे आणला, कारण अमरावती शहराच्या जवळच्या सोयी आणि नांदगाव खंडेश्वरच्या कोरडवाहू शिवारातील सोयी एकाच जिल्ह्याच्या सरासरीत मिसळल्या की तालुक्याची तूट जिल्ह्याच्या आकड्यात बुजून जाते.